वाळूचा चौक आणि शेजारचे बाक

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया, तह आणि राजधान्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु मनुष्याच्या नित्याच्या जीवनात ज्यांनी कायमची भर घातली, अशा कित्येक गोष्टींस इतिहासाच्या पुस्तकात एखादी ओळही लाभत नाही. लहान मुलांचे क्रीडांगण ही त्यांपैकीच एक होय. सायंकाळी उन्हे कलली म्हणजे गावोगावच्या बागांतून एक दृश्य ठरलेले असते. दीड-दोन वर्षांचे मूल, ज्याला अद्याप धड पळताही येत नाही आणि ज्याच्याने एका जागी बसवतही नाही, ते आजोबांचे बोट धरून फाटकातून आत शिरते. मागून पाण्याची बाटली आणि जादा झबले घेऊन आई येते. मूल बोट सोडते, वाळूत फतकल मारते आणि पहिली मूठ आपल्याच डोक्यावर उधळते. मोठी माणसे शेजारच्या बाकावर टेकतात. अर्धी घटका कोणी कोणास बोलावीत नाही. मूल मात्र दर चार क्षणांनी मान वळवून बाकाकडे पाहते आणि आपले माणूस जागेवर आहे अशी खात्री पटली की पुन्हा वाळूत गढून जाते.

हे दृश्य इतके ओळखीचे आहे की ते सनातन असावे असे वाटते. वस्तुतः ज्याला वाचता येत नाही, मत देता येत नाही, मागणेही बोलून सांगता येत नाही, अशा चिमुकल्या नागरिकासाठी सार्वजनिक खर्चाने जागा राखावी, ही कल्पना जेमतेम दीडशे वर्षांची आहे. ती सहजासहजी रुजलीही नाही. तिच्यासाठी एका देशात शिक्षकाला बंदी सोसावी लागली, दुसऱ्या देशात एका वृत्तपत्रकाराच्या पाठीवर पोलिसाची छडी बसली, आणि तिसऱ्या देशात उद्ध्वस्त घरांच्या मोकळ्या जागांवर तिचे रोप लावावे लागले. या साऱ्या हकीकतीतून एक सूत्र मात्र सतत प्रत्ययास येते. ज्यांनी मुलाचा विचार करताना त्याच्याबरोबर येणाऱ्या माणसाचाही विचार केला, त्यांचीच मैदाने अगदी लहान मुलांच्या उपयोगी पडली. वाळूचा चौक आणि शेजारचे बाक या दोन वस्तूंची जोडी हाच या इतिहासाचा गाभा होय.

पूर्वीच्या काळी निराळे क्रीडांगण का लागले नाही, याचे उत्तर जुन्या घराच्या रचनेतच आहे. अंगण होते, ओसरी होती, गावाबाहेर नदीचे वाळवंट होते, देवळापुढे चौक होता. मूल मातीत खेळे आणि भाकऱ्या थापणारी आई किंवा वाती वळीत बसलेली आजी त्याजवर सहज नजर ठेवी. म्हणजे माती आणि नजर या दोन्ही गोष्टी मुलास न मागता मिळत. यंत्रयुगाच्या शहरांनी या दोन्ही एकाच वेळी हिरावून घेतल्या. घर एका खोलीचे झाले, खोली तिसऱ्या मजल्यावर गेली, खाली गाड्याघोड्यांची वर्दळ सुरू झाली आणि आईबाप गिरणीच्या भोंग्याबरोबर बाहेर पडू लागले. हवेसाठी तळमळणाऱ्या अशा शहरांत सार्वजनिक उद्यानांची चळवळ प्रथम उभी राहिली. इंग्लंडात मँचेस्टर आणि लगतच्या सॅल्फर्ड येथे लोकांच्या वर्गणीतून तीन उद्याने उभारण्यात आली आणि २२ ऑगस्ट १८४६ रोजी ती सर्वांस खुली झाली. त्यांत झोपाळे होते, व्यायामाची व खेळांची सोय होती. परंतु हा सारा विचार मुख्यतः हातीपायी धड असलेल्या मुलांचा व प्रौढांचा होता. रांगणारे मूल तेथे जाई ते कडेवर बसून, आणि परत येई तेही कडेवरच.

लहानग्यांकडे स्वतंत्र दृष्टीने पाहण्याचे श्रेय जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षकाकडे जाते. फ्रोबेलचा जन्म १७८२ सालचा. तो अवघा नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. आईच्या सहवासाला मुकलेल्या या मनुष्याने पुढे आपले सर्व आयुष्य आई आणि मूल यांच्यामधील खेळाचा अर्थ शोधण्यात वेचले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १८३७ साली ब्लँकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मूल हे ओतीव मातीचा गोळा नसून उगवते रोप आहे, खेळ हा वेळेचा अपव्यय नसून त्या वयातील सर्वांत गंभीर उद्योग आहे, हे त्याचे मत. १८४४ साली त्याने आयांकरिता बोटांच्या खेळांचे आणि बडबडगीतांचे पुस्तक सिद्ध केले. आईशिवाय मुलाचे शिक्षण सुरूच होत नाही, हा त्याचा दृढ विश्वास होता.

अशा निरुपद्रवी कार्यात राज्यसत्तेला काय भय वाटावे? पण १८४८ च्या क्रांत्यांनी युरोपातील सिंहासने हादरली होती आणि नवे दिसेल ते संशयास्पद ठरत होते. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. त्यांत नास्तिकतेचे व समाजवादाचे बीज आहे, असा आरोप होता. आणि फ्रोबेलच्या पुतण्याच्या लेखनाचा ठपका चुलत्याच्या माथी आला, असेही मानले जाते. पुढल्याच वर्षी, १८५२ च्या जून महिन्यात, फ्रोबेल निवर्तला. बंदी उठली ती १८६० साली. तथापि वाऱ्याने बी उधळावे तसे झाले. देश सोडून गेलेल्या जर्मन स्त्रियांनी ही कल्पना परदेशी नेली. मार्गारेटा शुर्झ या स्त्रीने १८५६ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतातील वॉटरटाऊन येथे आपल्या घरातच किंडरगार्टन सुरू केले. इकडे जर्मनीतही पुढे मन पालटले आणि बर्लिनच्या सार्वजनिक बागांतून लहान मुलांकरिता वाळूचे ढीग घालण्याची रीत पडली.

या ढिगांवर एका डॉक्टरीणबाईची दृष्टी पडली, आणि तेथून या कथेस नवे वळण लागले. त्यांचे नाव मारी झाक्रझेव्स्का. जन्म बर्लिनचा, १८२९ सालचा. तेथील प्रसिद्ध रुग्णालयात सुईणीचे शिक्षण घेऊन त्या १८५३ साली अमेरिकेस गेल्या, मोठ्या कष्टाने १८५६ साली वैद्यकीची पदवी मिळविली, आणि १८६२ साली त्यांनी बोस्टन शहरात स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय स्थापन केले. गरीब वस्तीतील मुले आजारी का पडतात हे त्यांनी रोग्याच्या खाटेपाशी पाहिले होते. १८८५ साली बर्लिनच्या भेटीत त्यांनी बागेतील वाळूत रमलेली मुले पाहिली, आणि बोस्टनच्या आपल्या सहकारी स्त्रियांस पत्र लिहून ती गोष्ट कळविली. पत्र साधेच, पण त्याचे फळ मोठे.

बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स इमर्जन्सी अँड हायजीन असोसिएशन या संस्थेने ते मनावर घेतले. पार्मेंटर स्ट्रीटवरील एका प्रार्थनामंदिराच्या आवारात वाळूचा ढीग घालण्यात आला. उन्हाळ्याच्या सुटीत, आठवड्यातून काही दिवस, वस्तीतील मुलांनी यावे, लाकडी फावड्यांनी वाळू उकरावी, गाणी म्हणावी आणि घरी जावे, एवढाच कार्यक्रम. देखरेखीस वस्तीतीलच एखादी स्त्री असे. सुरुवातीस पंधरा-एक मुले येत. १८८७ साली अशा 'वाळूच्या बागा' दहा झाल्या, आणि देखरेखीसाठी पगारी स्त्रिया नेमण्यात येऊ लागल्या. अमेरिकेतील क्रीडांगणांच्या चळवळीचा आरंभ या ढिगापासून मोजण्याची प्रथा आहे. नगरपालिकेचा ठराव नाही, धनिकाची देणगी नाही. एक पत्र आणि वाळूची एक गाडी, एवढ्या भांडवलावर ही चळवळ उभी राहिली.

येथे क्षणभर थांबून वाळूचाच विचार केला पाहिजे. लहान मुलास वाळू इतकी का आवडते? दोन वर्षांच्या मुलाला जगात बहुतेक ठिकाणी नकारच ऐकावा लागतो. हे फुटेल, ते सांडेल, याला हात लावू नको, तिकडे जाऊ नको. वाळू मात्र फुटत नाही, आणि सांडली तरी वाळूच राहते. कोरडी असली तर ती बोटांतून पाण्यासारखी गळते. ओलसर असली तर वाटीचा आकार धरते. रचलेले मोडले तर दुःख नाही, कारण ते पुन्हा रचता येते. पडले तरी लागत नाही. एका वर्षाच्या मुलाला ती नुसती मुठीत धरण्यात सुख वाटते, तीन वर्षांचे मूल तिचा लाडू वळते आणि सहा वर्षांचे मूल किल्ला बांधते. एकाच जिन्नसात इतक्या इयत्ता सामावलेल्या आहेत. म्हणून एकाच घरातील तीन भावंडे वाळूच्या एका चौकात भांडण न करता खेळू शकतात, आणि क्वचित भांडलीच तर ते भांडण घमेल्याबद्दल असते, वाळूबद्दल नसते.

बोस्टनहून न्यूयॉर्क दूर नाही. परंतु तेथील प्रश्न अधिक बिकट होता. शहराच्या दक्षिणेकडील लोअर ईस्ट साइड या भागात युरोपातून आलेली निर्वासित व गरीब कुटुंबे चाळवजा इमारतींतून दाटीवाटीने राहत. आई शिवणकामात गुंतलेली, बाप कारखान्यात. धाकट्या मुलाला सांभाळण्याचे काम थोरल्या बहिणीकडे. आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर तान्हे भावंड घेऊन दिवसभर गल्लीत उभी असे. डेन्मार्कहून आलेला जेकब रीस हा वृत्तपत्राचा बातमीदार या वस्तीतून हिंडे. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने शब्दांनी व छायाचित्रांनी या जीवनाचे दर्शन घडविले, आणि मलबेरी बेंड नावाची अत्यंत कोंदट वस्ती पाडून तेथे उद्यान व्हावे म्हणून वर्षानुवर्षे लेखणी झिजविली.

अखेर १८९७ साली ते उद्यान खुले झाले. समारंभाचे निमंत्रण रीसला नव्हते. परंतु त्याने स्वतः सांगितलेली त्याआधीची एक हकीकत अधिक बोलकी आहे. जेथे पूर्वी अंधाऱ्या खोल्या होत्या तेथे हिरवळ उगवलेली पाहून त्याला इतका हर्ष झाला की तो त्या हिरवळीवर पाऊल टाकून चालू लागला. गवत पायांखाली लागल्याखेरीज त्याचे समाधान होईना. एवढ्यात मागून पोलीस आला, त्याने रीसच्या पाठीवर छडी हाणली, आणि हे गवत चालण्यासाठी आहे काय, असे दरडावून विचारले. भोवतालची पोरे ही गंमत डोळे विस्फारून पाहत होती. ज्याच्या खटपटीने उद्यान झाले त्यालाच ही बक्षिसी मिळाली! पण पोलिसाचाही एकट्याचा दोष नव्हता. उद्यान हे पाहण्यासाठी असते, वापरण्यासाठी नव्हे, ही त्या काळची समजूतच होती. गवत राखावयाचे तर मूल बाहेर ठेवावे लागते. शोभेची बाग आणि खेळाची जागा या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा त्या छडीने दिला.

तो धडा फुकट गेला नाही. त्याच लोअर ईस्ट साइडमध्ये १७ ऑक्टोबर १९०३ रोजी सुअर्ड पार्क येथील क्रीडांगण खुले झाले. अमेरिकेत नगरपालिकेने कायमचे म्हणून बांधलेले हे पहिलेच क्रीडांगण. लिलियन वॉल्ड, चार्ल्स स्टोव्हर प्रभृती समाजसेवकांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. धावण्याची वाट, व्यायामाची साधने, मुलांना बागकाम करण्यासाठी जागा, स्नानगृहे असलेला प्रशस्त मंडप, असा त्याचा थाट होता. या सर्वांत एक लहानशी सोय विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. मंडपाच्या रुंद ओसरीवर डुलत्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्या लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आयांकरिता होत्या. दिवसभर शिवणयंत्रापुढे वाकून बसणाऱ्या स्त्रीला क्षणभर पाठ टेकावयास जागा मिळाली, म्हणजेच तिच्या मुलाला अर्धा तास अधिक खेळावयास मिळाला. थकलेली आई मुलाला फार वेळ खेळू देऊ शकत नाही, हे साधे सत्य कोणाच्या तरी ध्यानात आले होते.

१९०६ साली वॉशिंग्टन येथे अमेरिकेची क्रीडांगण संघटना स्थापन झाली आणि चळवळीस देशव्यापी रूप आले. संख्या वाढली, परंतु दृष्टी थोडी बदलली. लोखंडी शिड्या, उंच घसरगुंड्या, सांघिक खेळ, शिट्टी वाजविणारा शिक्षक, यांचे महत्त्व वाढत गेले. थोरल्या मुलांना त्याचा लाभ झाला यात संशय नाही. पण ज्या वाळूच्या ढिगापासून प्रारंभ झाला तो कोपऱ्यात सरकला, आणि दोन वर्षांचे मूल पुन्हा कडेवरून तमाशा पाहू लागले. त्याला मैदानाच्या मध्यभागी परत आणण्याचे काम हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरात व्हावयाचे होते. आणि ते ज्या परिस्थितीत झाले ती आठवली म्हणजे मन जड होते.

दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्याने हॉलंड व्यापला. सप्टेंबर १९४१ मध्ये एक फर्मान निघाले, आणि ज्यू लोकांना सार्वजनिक बागा, प्राणिसंग्रहालये, उपाहारगृहे यांत पाऊल टाकण्यास मनाई झाली. ज्या बाकावर कालपर्यंत आजोबा बसत, तेथे आज ज्यूंना प्रवेश नाही अशी पाटी आली. नातवाला वाळूत नेण्याचा साधा परिपाठ गुन्हा ठरला. पुढल्या वर्षी लोकांना गाड्यांत भरून नेण्यास सुरुवात झाली. युद्धापूर्वी हॉलंडमध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. त्यांत अर्थात मुलेही होती, आणि त्यांना बागेत नेणारी माणसेही होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अन्नाचा व इंधनाचा भयंकर दुष्काळ पडला. थंडीने गारठलेल्या लोकांनी ज्यू वस्तीतील ओस पडलेल्या घरांच्या तुळया, जिने, दारे उपटून चुलीत घातली. आधार नाहीसे झाल्यामुळे कित्येक घरे कोसळली, आणि युद्ध संपले तेव्हा त्या जुन्या वस्तीत ठिकठिकाणी दात पडल्यासारख्या रिकाम्या जागा उरल्या होत्या.

युद्धानंतर शहरात मुले पुष्कळ, जागा थोडी आणि पैसा त्याहून थोडा, अशी स्थिती होती. पूर्वीची बरीच क्रीडांगणे कुंपण घातलेली आणि मंडळांच्या सभासदांपुरती असत. नगररचना खात्यातील याकोबा मुल्डर या स्थापत्यतज्ज्ञ बाईंनी असा विचार मांडला की प्रत्येक मोहल्ल्यात, घराच्या हाकेच्या अंतरावर, सर्वांस मोकळी अशी एक लहान जागा असावी. ती आखण्याचे काम खात्यातील आल्डो व्हान आइक या तरुणाकडे आले. त्याचा जन्म १९१८ चा. बालपण इंग्लंडात गेले, शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झाले होते. १९४७ साली बेर्टेलमानप्लाइन या चौकात त्याने पहिले क्रीडांगण आखले.

काय होते त्या क्रीडांगणात? रुंद काठाचा वाळूचा एक हौद. त्यात चार वाटोळे दगड आणि कोलांट्या मारण्यासाठी एक लोखंडी चौकट. समोरच्या कोपऱ्यात तशाच तीन कमानी. भोवती झाडे, आणि पाच बाके. संपले! हत्ती नाही, घोडा नाही, रंगीत किल्ला नाही, कुंपणही नाही. इतक्या अल्प साहित्यात काय साधणार, असे कोणासही वाटावे. परंतु प्रत्येक वस्तूमागे विचार होता. हौदाचा काठ रुंद आणि ठेंगणा. त्यावर लहान मुलाला चढता येई, वाळूचे लाडू मांडता येत, त्याच्यावरून तोल सांभाळीत चालता येई. आणि मोठ्या माणसाला तेथेच टेकून मुलाशी बोलता येई. म्हणजे तो काठ मुलाची दुकानपाटी होता आणि आजीचा ओटाही. दगडाला हत्तीचा आकार दिला तर तो हत्तीच राहतो. नुसता दगड आज हत्ती, उद्या बोट आणि परवा दळणाचे जाते होऊ शकतो, अशी व्हान आइकची धारणा होती.

लोकांनी या क्रीडांगणाचे स्वागत कसे केले, याचा पुरावा नगरपालिकेच्या टपालात सापडतो. आमच्याही चौकात असे एखादे करून द्या, अशी मागणी करणारी नागरिकांची पत्रे येऊ लागली. जागा सापडे तेथे मैदान करण्याचे धोरण ठरले. चौकाचा कोपरा, दोन रस्त्यांमधील त्रिकोण, पडलेल्या घराची पोकळी, काहीही चाले. जुन्या वस्तीतील डाइकस्ट्राट या अरुंद गल्लीत दोन इमारतींच्या मधल्या फटीतही १९५४ साली एक क्रीडांगण झाले. व्हान आइकने १९५१ साली खात्याची नोकरी सोडली, तरी हे काम सोडले नाही. १९७८ पर्यंत शहरात त्याने आखलेल्या क्रीडांगणांची संख्या सातशेच्या वर गेली. तो नेहमी बर्फाचा दृष्टान्त देई. बर्फ पडले की वाहने थांबतात, मुले बाहेर येतात आणि काही काळ सारे शहर त्यांचे होते. मग शहराने मुलांसाठी बर्फाहून अधिक टिकाऊ असे काही द्यावयास नको काय, असा त्याचा सवाल होता.

ज्या जागेवरून एका कुटुंबाला मुलाबाळांसह नेण्यात आले, त्या जागेवर पुढल्या पिढीचे मूल वाळूचे घर बांधते, यात सांत्वन किती आणि वेदना किती हे ठरविणे कठीण आहे. गेलेली माणसे त्यामुळे परत येत नाहीत. परंतु ज्या शहरात बागेच्या फाटकावर मनाईची पाटी लागली होती, त्याच शहराने नंतर फाटकच नसलेली शेकडो मैदाने केली, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांपैकी फार थोडी आज मूळ स्वरूपात उरली आहेत. कोठे वाहने उभी राहिली, कोठे इमारती आल्या. तरीही घराजवळची लहान जागा, साधी साधने आणि मोठ्यांना बसण्याची सोय, हा विचार जगभर मान्य झाला आहे.

फ्रोबेलपासून निघालेला हा विचारांचा ओघ महाराष्ट्रापर्यंतही पोहोचला, पण त्याने येथे आपले स्वतंत्र रूप धारण केले. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली आणि अनुताई वाघ त्यांच्या साह्यास आल्या. बालवाडी उघडली, पण वंचित वस्तीतील मुले तेथवर येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज घरोघरी ठाऊक असलेला शब्द त्या प्रयोगातून आला. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या शासकीय बालविकास योजनेने तो देशभर नेला.

पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या गल्लीतील तीच थोरली बहीण येथेही भेटली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून आदिवासी मुलगी शाळेस मुके. ताराबाईंनी तिला दूषण दिले नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणून त्यांनी तिच्या कडेवरचे ओझे उतरवून ठेवण्यास जागा दिली. ताई वर्गात बसे, आणि भावंड शेजारीच खेळे. सुअर्ड पार्कच्या डुलत्या खुर्चीमागे जो विचार होता, तोच येथे अधिक खोलवर गेलेला दिसतो.

मुंबईकरांना याची खूण पटविण्यास दूर जावयास नको. १९२५ साली सिद्ध झालेल्या दादरच्या शिवाजी पार्कची कीर्ती क्रिकेटमुळे आणि सभांमुळे झाली; पण त्याच्या भोवतालचा ठेंगणा कट्टा नसता तर कित्येक आजी-आजोबांनी नातवंडांना तेथे आणलेच नसते. मलबार हिलवरील कमला नेहरू पार्कात १९५२ पासून उभा असलेला म्हातारीचा बूट पाच वर्षांच्या मुलाला वर बोलावतो. धाकटे मात्र पायथ्याशी खडे वेचण्यातच रमते. त्याचे खरे खेळणे कोणते, हे ते स्वतःच दाखवून देते.

१९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा करारनामा संमत केला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती आणि खेळ हा बालकाचा हक्क म्हणून नमूद आहे, आणि १९९२ साली भारताने तो स्वीकारला. फ्रोबेलवरील बंदीपासून येथवरची वाटचाल मोठीच म्हणावयाची. तथापि दोन वर्षांचे मूल आपला हक्क बजावण्यास एकटे कधीच जात नाही. त्याला कोणीतरी न्यावे लागते. म्हणून कोणत्याही गावात नवी बाग आखली जात असता दोन प्रश्न अवश्य विचारावे. येथे सर्वांत लहान मुलाच्या हाताला लागेल असे काय आहे? आणि त्याला घेऊन येणाऱ्या माणसाने बसावे कोठे? वाळू असेल तर ती चाळून स्वच्छ ठेवावी लागेल, मधूनमधून बदलावी लागेल, कुत्र्यामांजरांपासून राखावी लागेल. बाक असेल तर ते सावलीत असावे, आणि वाळूपासून इतक्या अंतरावर असावे की मुलाने मान वळविताच बसलेल्याचा चेहरा त्याला दिसावा.

एवढी व्यवस्था झाली म्हणजे बाकीचे मूल स्वतः पाहून घेते. ते ओल्या वाळूचा लाडू वळते, डुलत डुलत बाकापाशी येते आणि आजोबांच्या हातावर ठेवते. आजोबा तो खाल्ल्यासारखे करतात. मूल समाधानाने परत फिरते आणि दुसरा लाडू वळावयास बसते.